साहस, अविचार व सोबती

मनुष्याच्या आयुष्यात बारा-तेरा वर्षांपासून अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतचा काळ मोठा विलक्षण असतो. अंगात नवे बळ येत असते, आवाज बदलत असतो, घरच्या उंबऱ्यापेक्षा गावच्या वेशीबाहेरची वाट अधिक ओढ लावीत असते. या वयातील मुलास उपाशी राहावे लागले तर तो ते सोशील, मार बसला तर तोही सोशील. परंतु चार सोबत्यांदेखत कोणी 'भित्रा' म्हटलेले मात्र त्यास सोसवत नाही. याच वृत्तीतून पुढे सैनिक, दर्यावर्दी, संशोधक व समाजसेवक निपजतात. आणि याच वृत्तीपायी कित्येक घरांतील उमेदीची मुले अकाली नाहीशी होतात. काम साधले म्हणजे आपण या वृत्तीस 'धैर्य' म्हणतो, व अपघात घडला म्हणजे तिलाच 'मस्ती' म्हणतो. पण दोन्ही वेळा नाव ठेवण्यापलीकडे आपला विचार जात नाही. तो थोडा पुढे न्यावा, आणि विद्यार्थी व पालक या दोघांनीही तो मिळून करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. ताडकळस व आसपासची गावे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात आहेत. जमीन काळी, पावसात चिकट व निसरडी, उन्हाळ्यात भेगाळलेली. पूर्णा नदी याच भागातून वाहत जाऊन पुढे गोदावरीस मिळते. शेतोशेती विहिरी आहेत. जिल्ह्यात जायकवाडीचा डावा कालवा आहे. आणि २०१६ मध्ये सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढल्यापासून प्लास्टिकचे अस्तर लावलेली शेततळी राज्यात ठिकठिकाणी झाली आहेत. शहरातील मुलाचे खेळण्याचे ठिकाण निराळे असते व वडिलांचे कामाचे ठिकाण निराळे असते. खेड्यात ही दोन्ही ठिकाणे एकच असतात. ज्या विहिरीवर बाप मोटार चालू करतो त्याच विहिरीत मुलगा सूर मारतो. ज्या ट्रॅक्टरने नांगरट होते त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तो बाजारास जातो. शिवाय खेड्यातील मूल लवकर कामाचे होते. चौदाव्या वर्षी त्याच्या हाती गाडीची किल्ली येते, ती लाडाने नव्हे, तर गरजेने येते. म्हणून 'मुलांना धोक्यापासून दूर ठेवा' हा शहरी उपदेश आपल्याकडे फारसा उपयोगी पडत नाही. धोका आपल्या बांधावरच आहे. त्याच्याशी वागावे कसे, हेच आपणांस शिकले पाहिजे.

आता साहस व अविचार यांतील भेद पाहू. विहिरीतील गाळ काढण्याकरिता खाली उतरणारा गडी काय करतो? तो दोर तपासतो, कमरेस गाठ मारतो, काठावर दोन खंबीर माणसे उभी करतो. आणि जुन्या काळी तर खालची हवा खराब आहे की काय हे पाहण्यासाठी पेटता कंदील आधी सोडून पाहण्याची चाल होती. हा गडी भित्रा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. त्याला धोका ठाऊक आहे, त्याने तो तोलला आहे, आणि तो पत्करण्यास कारणही आहे. हे साहस होय. उलट, पाणी किती आहे हे न पाहता केवळ कोणी पैज लावली म्हणून त्याच विहिरीत डोके खाली करून उडी घेणारा मुलगा त्या गड्याहून अधिक शूर नसतो. दोघांच्याही छातीत धडधड सारखीच होते. फरक एवढाच की, एकाने उतरण्यापूर्वी विचार केलेला असतो व दुसऱ्याचा विचार दुसऱ्यांनी केलेला असतो.

'दुसऱ्यांनी' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुले अविचार का करतात, असे विचारले असता बहुतेक वडील माणसे 'त्यांना कळत नाही' असे उत्तर देतात. हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. वर्गातील कोणत्याही मुलास एकटे गाठून विचारा, की एका मोटारसायकलीवर तिघांनी बसून भरधाव जाणे धोक्याचे आहे काय? तो तत्काळ 'होय' म्हणेल व चार उदाहरणेही देईल. ज्ञान आहे, तरीही वर्तन निराळे होते. असे का व्हावे, याचा शोध गेली शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयावर दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहून या वयाच्या अभ्यासास स्वतंत्र स्थान मिळवून दिले. पुढे मेंदूची चित्रे घेण्याची यंत्रे आली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. मेंदूतील जो भाग आनंद, बक्षीस व नवलाई यांनी उचंबळतो तो वयात येताच जोरकस होतो. परंतु जो पुढचा भाग आवर घालतो, परिणाम तोलतो व 'थांब' म्हणतो, तो पुरता परिपक्व होण्यास विशीचा बराचसा काळ जावा लागतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर खोंडाच्या अंगात बळ आले आहे, पण त्याच्या मानेला जुवाची सवय अजून झालेली नाही. यात खोंडाचा दोष नाही. मात्र असा खोंड एकदम दुसऱ्या खोंडाबरोबर जुंपून गाडी उतारावर सोडली तर काय होईल, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

खोंडाशेजारी खोंड, हेच या प्रश्नाचे मर्म आहे. २००५ साली मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी ३०६ व्यक्तींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन वयोगट घेतले: १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण, आणि २४ वर्षांवरील प्रौढ. सर्वांस संगणकावर मोटार चालविण्याचा एक खेळ दिला. चौकात पिवळा दिवा लागल्यावर गाडी जितकी पुढे न्यावी तितके गुण अधिक. पण पुढे केव्हा टक्कर होईल याचा नेम नाही, आणि टक्कर झाली की मिळविलेले गुण गेले. काही जण हा खेळ एकटे खेळले. काहींच्या पाठीशी त्यांच्याच वयाचे दोन सोबती उभे होते. निकाल असा लागला की, सोबती पाहत असता प्रौढांच्या खेळात काहीच फरक पडला नाही. तरुणांनी धोका सुमारे दीडपट घेतला. आणि लहान मुलांनी दुप्पट घेतला. पुढे २०११ मध्ये अशाच खेळाच्या वेळी मेंदूची चित्रे घेण्यात आली. शेजारच्या खोलीतून मित्र आपला खेळ पाहत आहेत, एवढे ठाऊक होताच किशोरांच्या मेंदूतील बक्षिसाने उचंबळणारा भाग अधिक चेतविला गेला. प्रौढांच्या बाबतीत तसे आढळले नाही.

या दुसऱ्या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मित्रांनी कोणास भरीस घातले नव्हते. कोणी डिवचले नव्हते. नुसते पाहणे पुरेसे झाले. तेव्हा आपण ज्यास एका मुलाचे साहस समजतो ते बहुधा त्याच्या एकट्याचे नसतेच. विहिरीत उडी एक जण मारतो, पण ती काठावर उभ्या असलेल्या पाच जणांची मिळून असते. अपघात झाल्यावर पोलिसांच्या पंचनाम्यात एकाचे नाव येते; पाहणाऱ्यांची नावे कोठेच येत नाहीत. माझ्या मते या विषयातील पहिली व शेवटची शिकवण हीच आहे: जो करतो त्याच्याइतकाच, जो पाहतो तोही जबाबदार आहे.

अलीकडे पाहणाऱ्यांची संख्या मोबाइलने अमर्याद केली आहे. पूर्वी काठावर पाच मुले असत. आता खिशातील यंत्रामुळे पाचशे असू शकतात. ९ जुलै २०१७ रोजी, एका रविवारी, नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीस गेलेल्या तरुणांची नाव उलटली व आठ जण बुडून मरण पावले. नावेत छायाचित्रे काढणे चालू होते, आणि फेसबुकवरून ते दृश्य थेट दाखविले जात होते, अशी वार्ता त्या वेळी वृत्तपत्रांत आली होती. त्याआधी, जानेवारी २०१६ मध्ये, मुंबईस वांद्र्याच्या समुद्रकाठी खडकांवर छायाचित्र घेताना मुली पाण्यात पडल्या. त्यांतील एक बुडाली, आणि त्यांच्या मदतीस धावून उडी घेणारा गृहस्थही बुडाला. यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातील काही ठिकाणे छायाचित्रांस वर्ज्य म्हणून ठरविली. हल्ली नाग हाती धरून, धावत्या गाडीवर उभे राहून, किंवा कालव्याच्या पुलावरून उडी टाकून चित्रफिती काढण्याचा छंद खेड्यांतही शिरला आहे. चित्रफीत काढणारा मुलगा स्वतः काहीच करीत नाही, असे त्याला वाटते. वस्तुतः तोच त्या प्रसंगाचा मुख्य प्रेक्षक असतो. त्याने मोबाइल खिशात घातला तर पुष्कळदा ते साहस तेथेच संपेल.

समाजाने मनात आणले तर प्रेक्षकांसही शिस्त लावता येते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दहीहंडीचे थर बक्षिसांच्या व गर्दीच्या ओढीने चढत चालले, लहान मुले सर्वांत वरच्या थरावर जाऊ लागली, तेव्हा प्रश्न न्यायालयापुढे गेला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांस मनाई करून उंची वीस फुटांपुरती मर्यादित केली. त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला; अखेर २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उरली नाही, परंतु चौदा वर्षांखालील मुलांस थरांत घ्यावयाचे नाही, हे कायम राहिले. २०२२ मध्ये राज्य सरकारने या खेळास साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. निर्णय कोणास आवडो वा न आवडो, त्यातील तत्त्व स्पष्ट आहे. खेळ राहावा, थरार राहावा. पण टाळ्या वाजविणाऱ्यांच्या हौसेची किंमत लेकरांनी देऊ नये.

आता आपल्या भागातील मुख्य धोक्यांचा थोडा तपशील पाहू. पहिला धोका पाण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. ५ ते १४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे हे तिसऱ्या क्रमांकाचे कारण आहे. बुडणारा माणूस हात उंचावून ओरडतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर क्षणभर येते व पुन्हा खाली जाते; श्वास घेण्यासच वेळ पुरत नाही, तेथे ओरडणार कोठून? म्हणून काठावर बसलेल्यांच्या डोळ्यांदेखत मूल निमूटपणे बुडते.

प्रत्येक पाण्याचा स्वभाव निराळा असतो. विहिरीचे पाणी चैत्र-वैशाखात खाली जाते. ज्या जागी श्रावणात सूर मारला तेथेच उन्हाळ्यात सूर मारल्यास डोके खडकावर आपटून मानेचा मणका मोडतो, आणि असा मुलगा वाचला तरी जन्मभर अंथरुणास खिळतो. विहिरीत मोटार चालू असता पोहणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. केबलचे आवरण फाटलेले असल्यास पाण्यात वीज उतरते. कालव्याचे काठ उतरते व गुळगुळीत असतात. प्रवाह संथ दिसला तरी पायाखालची पकड सुटते व वर येण्यास काहीच धरावयास मिळत नाही. नदीपात्रात वाळू काढल्याने पडलेले खोल खड्डे पाणी आले म्हणजे झाकून जातात. गुडघाभर पाण्यात चालणारा मुलगा पुढच्याच पावलास डोक्याएवढ्या पाण्यात जातो. आणि शेततळे तर दिसावयास सर्वांत निरुपद्रवी, पण फार फसवे. त्याचे प्लास्टिक ओले झाले, त्यावर शेवाळ धरले, म्हणजे पोहणारा माणूसही त्या उतारावरून वर चढू शकत नाही. ज्यांच्या शेतात शेततळे आहे त्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरील खुंटांस बांधून पाण्यात सोडावे, हवा भरलेल्या जुन्या ट्यूबा त्यांस अडकवाव्या, आणि भोवती कुंपण घालावे. खर्च थोडा आहे. त्याचे मोल मात्र एका मुलाच्या जीवाइतके आहे.

येथे मुलींविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मुलगा कमरेस भोपळा किंवा रिकामा डबा बांधून थोरल्या भावाच्या हाताखाली पोहावयास शिकतो. मुलीस कोणी शिकवीत नाही. पण कपडे धुण्यास, पाणी आणण्यास व गुरे पाण्यावर नेण्यास तीच जाते. एकीचा पाय घसरतो, दुसरी तिला ओढावयास जाते, तिसरी दुसरीला. अशा रीतीने एकाच कुटुंबातील दोघी-तिघी एकदम जातात. हे धाडस नव्हे, ही आपण त्यांस दिलेली असहायता आहे. मुलींस पोहणे शिकविणे हे आजच्या काळात अक्षरओळखीइतके आवश्यक समजले पाहिजे.

कोणी बुडत असता काय करावे, हेही प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असावे. स्वतः उडी घेऊ नये. बुडणारा मनुष्य हाती लागेल त्यास मिठी मारतो व वाचविणाऱ्यासही खाली नेतो. आधी मोठ्याने हाक मारून माणसे जमवावी. मग दोर, बांबू, झाडाची फांदी, एकत्र बांधलेली धोतरे वा साड्या, जे जवळ असेल ते त्याच्याकडे टाकावे. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबादेखील माणसास तरंगत ठेवतो. देणाऱ्याने काठावर आडवे पडून, पाय घट्ट रोवून ओढावे. मनुष्य बाहेर काढल्यावर त्यास उलटे टांगणे, पोटावर घालून गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे, हे जुने उपाय घातक आहेत. त्यांत अमोल वेळ जातो. श्वास बंद असेल तर त्यास उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा, आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, दाब द्यावा. श्वास बंद पडल्यावर चार-सहा मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते, म्हणून डॉक्टरची वाट पाहत बसू नये. एकाने हे काम करावे व दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सोय महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य आहे.

दुसरा धोका वाहनांचा. गणिताच्या विद्यार्थ्यांस हे सहज समजेल, की वेग दुप्पट झाला म्हणजे आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाऊन भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटर, अर्थात दोन पुरुष, उंचीवरून पडणे; आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे चौदा मीटर, म्हणजे आठ पुरुष खोल अशा कोरड्या विहिरीत पडणे. आठ पुरुष खोल कोरड्या विहिरीच्या काठावरून तिघांनी एकमेकांस धरून चालावे, असे कोणासही वाटणार नाही. पण मोटारसायकलीवर तिघे बसून, अंधारात, बिनहेल्मेटचे, त्याच वेगाने रोज जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी व डोक्यास गंभीर इजा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेट हे पोलिसांसाठी नसून कवटीसाठी आहे, ही साधी गोष्ट आहे.

येथेही सोबत्यांचा प्रभाव दिसतो. कोवळ्या वयाच्या चालकाच्या गाडीत त्याच्या वयाचे जितके सोबती अधिक, तितका अपघाताचा संभव अधिक, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. न्यूझीलंडने तर १९८७ सालीच असा नियम केला, की नवशिक्या तरुण चालकास पायरीपायरीने परवाना द्यावा; आरंभी रात्री गाडी चालविण्यास व सोबती बसविण्यास बंदी असावी. पुढे अन्य अनेक देशांनी हीच रीत उचलली.

आपल्याकडील कायदा पालकांनी नीट वाचावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरची मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा आधी त्या मुलास निबंध लिहावयास सांगून जामीन दिल्याबद्दल साऱ्या देशात चर्चा झाली. त्या चर्चेत एक प्रश्न मागे राहिला: किल्ली त्याच्या हाती दिली कोणी? हा प्रश्न पुण्यातील श्रीमंत घरापुरता नाही. ताडकळसच्या कोणत्याही घरात, खुंटीवर टांगलेल्या किल्लीकडे पाहून, प्रत्येक बापाने तो स्वतःस विचारावा.

ट्रॅक्टरविषयी थोडे. ट्रॅक्टरवर बसण्याची जागा एकच असते. मडगार्ड ही बैठक नव्हे. चाक खड्ड्यात गेले की मडगार्डवरचा मुलगा मागच्या चाकाखाली जातो, आणि चालविणारा बहुधा त्याचा बाप किंवा चुलताच असतो. मळणीयंत्रास गती देणारा दांडा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे एका सेकंदास नऊ फेरे घेतो. त्यात ओढणीचे किंवा सदऱ्याचे टोक सापडले तर हात मागे घेण्यासही अवधी मिळत नाही. दांड्यावरचे झाकण काढून ठेवू नये, सैल कपडे घालून जवळ जाऊ नये, आणि 'मी चालत्या यंत्रातून काड काढतो' अशी बढाई मारणाऱ्यास कोणी शाबासकी देऊ नये.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग मुलांनी घरात बसून राहावे काय? मुळीच नाही. ज्या मुलास धोका कधी भेटलाच नाही त्यास तो ओळखताही येत नाही. मुलांस पोहावयास, झाडावर चढावयास, बैलगाडी हाकावयास, रात्री राखणीस जावयास अवश्य द्यावे; मात्र शेतकरी खोंडास शिकवितो तसे शिकवावे. तो खोंडास कोंडून ठेवीत नाही व मोकाटही सोडीत नाही. जुन्या, शांत बैलाच्या जोडीस जुंपतो. आश्चर्य असे की, शास्त्रानेही हेच सांगितले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ ते २२ वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात त्यांच्याहून थोडा मोठा एकच प्रौढ घातला, तेव्हा त्या घोळक्याचे धोका पत्करणे पुष्कळ कमी झाले. त्याने वचकून ठेवावे लागले नाही. त्याचे असणे पुरले. म्हणून पालकांस विनंती अशी, की पोहावयास निघालेल्या मुलांबरोबर एखादा थोरला भाऊ, काका वा मामा जाऊ द्या. बाप स्वतः बिनहेल्मेटचा फिरत असता मुलास उपदेश करीत असेल तर त्या उपदेशास काही अर्थ राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि मुलाने घरी येऊन 'आज अमुक झाले' असे खरे सांगितले तर प्रथम ऐकून घ्या. ज्या घरात सत्य सांगितल्याबद्दल मार मिळतो त्या घरात पुढचा अपघात कोणासही आधी कळत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्याशी थोडे. उडी मारणाऱ्यास थांबणे कठीण असते, कारण त्याची लाज पणास लागलेली असते. काठावरच्यास मात्र ते सोपे असते. तुमच्यापैकी एकाने 'चला, उशीर झाला' एवढे म्हटले, दुसऱ्याने 'मीही येतो' म्हटले, की पैज मोडते, आणि कोणाचीही मान खाली जात नाही. 'तू भितोस' असे न म्हणता 'मला हे बरे वाटत नाही' असे म्हणावे. म्हणजे मित्रास परतण्यास वाट मिळते. हसणे थांबवा, शिट्ट्या थांबवा, मोबाइल खाली ठेवा. अपघात झालाच तर पळून जाऊ नका. २०१९ पासून कायद्यानेच असे ठरविले आहे, की अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास पोलिसांनी नाव सांगण्याची सक्ती करू नये व त्यास त्रास देऊ नये. पळून गेलेल्या मित्रांमुळे गेलेला वेळच पुष्कळदा जीव घेतो.

सोबती दोन प्रकारचे असतात. एक तुमचे साहस पाहावयास येतो. दुसरा तुम्हांस सुखरूप घरी पोहोचलेले पाहावयास येतो. पहिला टाळ्या वाजवितो व प्रसंग येताच नाहीसा होतो. दुसरा कदाचित तुमचा हिरमोड करतो, पण दोराचे दुसरे टोक त्याच्याच हाती असते. असा सोबती निवडावा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दुसऱ्या कोणासाठी आपण असा सोबती व्हावे. यास लागणारे धैर्य विहिरीत उडी मारण्याच्या धैर्याहून कमी नाही; माझ्या मते ते अधिकच आहे.